पाठवलं कुणी?

"नाजा 200 म्हणजे काय गं?"

काकू कुंपणाशी उभ्या. एका हातात अळूची पानं, दुसऱ्या हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. पावसाने सकाळी जरा दम खाल्ला होता म्हणून मी जास्वंद छाटायला निघाले होते. छाटणी राहिली. आमच्या सालवडला एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाळी आणि इमारती. कोपर टेकून बोलता येईल असं कुंपण आता शोधावं लागतं. आमचं आहे, त्यामुळे कामं रेंगाळतात.

"होमिओपॅथीचं औषध असतं काकू. कशाला हवंय?"

"मला नकोय. आमच्या वहिनीने ग्रुपवर टाकलंय. साप चावला की जिभेवर थेंब टाकायचे, दहा-दहा मिनिटांनी. माणूस उठून बसतो म्हणे. बाटली पाच-दहा रुपयांची. घरोघरी ठेवा, पुण्य लागेल."

"फार जुना मेसेज आहे हा. दर पावसाळ्यात उगवतो, टाकळ्यासारखा."

"उगवू दे. खरा की खोटा, ते सांग."

"खोटा."

"हळू बोल." काकूंनी पडवीकडे पाहिलं. पडवीत काका आरामखुर्चीत, मोबाइल नाकाजवळ धरलेला. "त्यांनी आत्ताच सगळ्या भाच्यांना पाठवलाय."

"आणि ग्रुपवर बाकीचे काय म्हणाले?"

"काय म्हणणार? हात जोडले. धाकट्या दिरांनी अंगठा दाखवला. सुरतची पुतणी, तिने फूल टाकलं."

हे हात जोडणं मी बरीच वर्षं बघतेय. आपल्याकडे घरच्या ग्रुपवर औषधाचा मेसेज आला की पहिलं उत्तर हेच. लसूण-मधाने हृदयाच्या नळ्या साफ होतात, हात जोडले. भेंडीच्या पाण्याने साखर उतरते, हात जोडले. हात जोडणाऱ्याचा त्यावर विश्वास बसलेला असतो असं मुळीच नाही. पुष्कळांनी तो वाचलेलाही नसतो. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ एवढाच की मामी, तुमचा मेसेज पोचला, तुमची तब्येत बरी आहे ना. पण तिकडे मामी मोजते, इतक्या जणांना पटलं. आणि ज्याला खरंच माहीत नाही तो नवखा भाचा बघतो की घरातले सगळे मोठे हो म्हणताहेत, म्हणजे खरं असणार. एकाने तरी 'नाही' लिहावं ना! लिहीत नाहीत.

"लिहिलं होतं की एकाने," काकू म्हणाल्या. "आमच्या धाकट्या जावयांनी. विसरलीस?"

विसरेन कशी. जावई बोईसरच्या एका औषध कंपनीत क्वालिटीला. काढ्याच्या कुठल्याशा मेसेजखाली त्यांनी भर ग्रुपवर लिहिलं, हे निखालस खोटं आहे, कृपया खात्री केल्याशिवाय पाठवू नये, आणि खाली इंग्रजी बातमीची लिंक. झालं! ती लिंक कुणी उघडली नाही. 'कृपया' हा शब्द मात्र सगळ्यांनी वाचला. काकूंच्या वहिनींना वाटलं, कालचा पोरगा चारचौघांत मला अडाणी म्हणतो. त्यांनी ग्रुप सोडला. मग त्यांना परत आणायला दोन भाऊ, एक नणंद आणि गौरीचं जेवण एवढं लागलं. जावयांनी त्यानंतर ग्रुप म्यूट केला. एवढ्या मोठ्या घरात औषधातलं कळणारा एकच माणूस, आणि तोच गप्प.

"बरोबर होते गं ते," काकू म्हणाल्या. "पण बरोबर असून उपयोग काय? वहिनी अजून काढा पिते. वर आता माझ्याशीही तुटक बोलते, जावई माझे म्हणून."

तेवढ्यात आशाताई आल्या. छत्री, वही, पिशवी, पाय चिखलाने भरलेले. पावसाळ्यात त्यांची घरोघर तापाची चौकशी चालते. कुणाला थंडी वाजते का, पिंपात पाणी साठलंय का. काकूंनी त्यांच्यापुढे मोबाइलच धरला. आशाताईंनी वाचला आणि हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

"शेतावर लावणी चालू आहे काकू. हा मेसेज मला पाड्यावरच्या पोरांच्या मोबाइलमध्येही दिसला."

"पण लोक सांगतात ना, गुण येतो म्हणून."

"येणारच. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी. आणि विषारी सापाने दर वेळी विष सोडलेलंच असतं असंही नाही. म्हणून भगताकडे नेलेला माणूसही पुष्कळदा आपल्या पायाने घरी येतो. आधी नाव भगताचं व्हायचं, आता नाजाचं होईल. पण ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय त्याचा वेळ जातो ना. मण्यार तर रात्री खाली झोपलेल्याला चावते, चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात, काहीतरी खाण्यात आलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. 108 ला फोन करायचा, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. आणि तोंडाने काही द्यायचं नाही."

"हे वहिनीला लिहून पाठव."

"मी?" आशाताईंनी वही मिटली. "मी कोण त्यांची?"

हे त्या सहज बोलल्या, पण गोम तिथेच आहे. आपल्याकडे मेसेज खरा की खोटा हे कुणी पुसत नाही, पाठवलं कुणी हे पुसतात. मामीने पाठवलाय म्हणजे खरा. जावयाने खोडलाय म्हणजे जावई शिष्ट. डॉक्टरांचं पत्रक आलं तरी, ते डॉक्टर आपले कोण?

टाटाचंच बघा ना. काकूंची एक चुलतजाऊ परळला टाटा हॉस्पिटलात जायची, केमो चालू होती. पहाटे बोईसरहून गाडी, दादरला उतरायचं, दिवसभर रांग, रात्री परत. 2024च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांचा तो व्हिडिओ आला. बायकोचा चौथ्या पायरीचा कॅन्सर कडुलिंब, हळद, लिंबूपाणी आणि उपास यांनी बरा झाला म्हणे. टीव्हीवर हसणारा ओळखीचा माणूस, स्वतःच्या बायकोबद्दल बोलतोय. दोन दिवसांत टाटाच्या आजी-माजी 262 कॅन्सर डॉक्टरांनी सह्यांचं पत्रक काढलं, की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका, लांबवू नका. पुढे सिद्धूंनीही सांगितलं की ते आहार डॉक्टरांच्या सल्ल्याबरोबरच घेत होते, आणि त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया, केमो सगळं झालेलं होतंच. पण हा दुसरा भाग आमच्या सालवडला आला का? पहिला व्हिडिओ आमच्याकडे निरनिराळ्या ग्रुपांवरून चारदा आला. पत्रक मी पेपरात वाचलं, तेवढंच.

जाऊबाईंनी भात सोडला. चहा सोडला. केमोने आधीच तोंड आलेलं, त्यात कडुलिंबाचा रस. घरातले म्हणायचे, घेऊन तर बघ, नुकसान काय आहे? मीही त्यांना 262चा आकडा सांगितला. "असतील," म्हणाल्या. मग पुढच्या खेपेला टाटाच्या रांगेत त्यांना सफाळ्याची एक बाई भेटली. तिच्याही डोक्याला रुमाल. ती म्हणाली, ताई, मीपण सुरू केलं होतं, वजन उतरलं, डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली, आता रोज दोन अंडी खाते. झालं, त्या दिवशी जाऊबाईंनी दादर स्टेशनवर वडापाव खाल्ला. 262 डॉक्टर एकीकडे आणि सफाळ्याची ती रुमालवाली एकीकडे.

"त्या बाईला नारळ-खण द्यायला पाहिजे होता," काकू नेहमी म्हणतात.

आशाताईंनी मग त्यांच्या बहिणीची गोष्ट काढली. बहीणही आशा, जव्हारकडे. 2021 साली करोनाच्या लशीच्या वेळी ती पाड्यावर गेली की दारं बंद. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असा निरोप फिरत होता, फ्रान्सच्या एका नोबेलवाल्या शास्त्रज्ञाच्या नावावर. तो असं बोललाच नव्हता. पण पाड्यावर फ्रान्स कुणी पाहिलंय? बहिणीने भांडण केलं नाही. ती रोज जायची, ओट्यावर बसायची, पोरांची वजनं करायची, म्हातारीचे पाय बघायची. लशीचं नावच नाही. एक दिवस म्हातारीनेच विचारलं, तू घेतलीस का? बहिणीने दंड दाखवला. मग म्हातारी आली आणि तिच्यामागून अर्धा पाडा.

"दोन वर्षं तर कधीच सरली," काकू म्हणाल्या. "मी अजून अळू तोडतेय."

काका पडवीतून ओरडले, "अगं, हा बाण दोन-दोन आलाय, म्हणजे अर्जंट असणार!"

दोन बाणांचा अर्थ असा घेणारे काका एकटे नाहीत. मेसेज पुष्कळ हातांतून फिरून आलाय, जरा जपून, हे सांगायला व्हॉट्सॲप कंपनीने ती खूण केली. माणसांना वाटतं, इतक्यांनी पाठवलाय म्हणजे महत्त्वाचा. 2018च्या जुलैत, धुळ्याकडे राईनपाड्याला मुलं पळवण्याच्या अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं गेलं, त्यानंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली. 2020च्या एप्रिलात, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच, असं झालं. काकांचं त्याने काही अडलं नाही. ते एकेकाला पाठवतात. रिटायर माणूस, वेळ आहे.

आणि गंमत ऐका. काका रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवत नाहीत. बीटाचा रस घ्या, गोळ्या फेका, असा मेसेज त्यांनी सगळ्या गावाला पाठवलाय आणि नंतर घड्याळ बघून स्वतःची गोळी घेतलीय. मी एकदा विचारलं, काका, तुमचा विश्वास आहे का यावर? ते म्हणाले, "माझा प्रश्न कुठे येतो? कुणाला तरी उपयोग होईल." सकाळी उठून माणसांची आठवण काढायची, तर रिकाम्या हाताने कशी काढणार? म्हणून बीटाचा रस. वाईट हेतू कुठेच नाही, म्हणूनच त्यांना बोलता येत नाही.

त्याचा हिशेब मात्र दुसरेच चुकते करतात. 2020च्या फेब्रुवारी-मार्चात कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, हे किती प्रेमाने पाठवलं गेलं होतं! आमचं काय अडलं, सातपाटीची मासळी होतीच. पण डहाणू तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्यावर नऊ लाख पिल्लं आणि पावणेदोन लाख अंडी नष्ट करायची वेळ आली, पेपरात आलं होतं. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांच्यातल्या एकाला तरी त्या पिल्लांचा हिशेब ठाऊक असेल का? लॉकडाउनमध्ये तीच माणसं चिकनच्या रांगेत उभी होती.

"आणि ते गडचिंचल्याचं," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

ते नाव आमच्या जिल्ह्यात अजून हळूच घेतात. 2020चा एप्रिल, सगळं बंद, रात्री गावागावांत पहारे. मुलं पळवणारे फिरताहेत, किडन्या काढणारे फिरताहेत, असे निरोप मोबाइलवर. त्याच आठवड्यात कासा भागात मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरांवर आणि पोलिसांवर लोक धावून गेले. मग 16 तारखेच्या रात्री दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. त्यावर लगेच दुसरी अफवा बसली, मारणारे अमुक धर्माचे होते ही. गृहमंत्र्यांना अटकेतल्या माणसांची यादीच जाहीर करावी लागली. आमच्या ग्रुपवर किडनीचा तो मेसेज आला होता. तेव्हाही हात जोडले गेले होते. माझेसुद्धा असतील त्यात.

ही किडनीची भीती नवी नाही, हे मी काकूंना सांगितलं. मुंबईत प्लेग आला तेव्हा, 1896च्या ऑक्टोबरात, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. तेव्हाची अफवा अशी की इस्पितळात नेतात आणि माणसाची मोमियाई करतात, म्हणजे अंगातलं तेल काढतात. पुढच्या जानेवारीत हाफकिनने प्लेगची लस तयार केली, ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. सापाच्या लशीचं कामही पुढे त्याच्याच नावाच्या परळच्या संस्थेत झालं. तेल गेलं, किडनी आली, गोष्ट तीच.

"तेव्हा कुठे होतं गं व्हॉट्सॲप?"

"नळावर होतं, काकू."

आशाताई हसल्या. मग त्यांनी एक प्रश्न टाकला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ताई, तुम्ही म्हणता ग्रुपवरच्यावर विश्वास ठेवू नका. पण रात्री वास येतो तेव्हा तुम्ही कुठे बघता?"

ग्रुपवर बघते. इथे राहणारी सगळीच बघतात. रात्री डोळे चुरचुरायला लागले, घशात खवखव सुरू झाली की आम्ही खिडक्या लावतो आणि मोबाइल उघडतो. कुठल्या प्लॉटला काय झालं, हे तिथेच कळतं, तेही अर्धंमुर्धं. 11 जानेवारी 2020, शनिवारची संध्याकाळ. एवढा मोठा आवाज झाला की काकूंच्या मांडणीवरचे डबे खाली आले. डहाणू-तलासरीकडे 2018च्या नोव्हेंबरपासून धरणीकंपाचे हादरे बसत होते, म्हणून कुणी म्हणालं भूकंप. काकूंना वाटलं, अणुशक्ती केंद्र. 1969 पासून ते केंद्र इथून हाकेवर आहे. त्यांची पिढी त्या भीतीसकटच म्हातारी झाली. शेवटी ग्रुपवर आलं, एमआयडीसीत कारखान्यात स्फोट. आठ माणसं गेली. मेसेज खरा होता आणि इतर कुणी सांगायच्या आत आला होता. मग त्याच मोबाइलवर दुसऱ्या दिवशी नाजा आला की काकूंनी तो कुठल्या तोंडाने खोटा म्हणायचा? ज्या गावात खरी बातमी वेळेवर सांगायला कुणी येत नाही, त्या गावाला मेसेज तपासून घ्या म्हणणं सोपं आहे.

असो. दुपार झाली, आशाताई पुढच्या घरी गेल्या, पाऊस आला, आम्ही आत पळालो.

संध्याकाळी काकू पुन्हा कुंपणाशी. चेहऱ्यावर काहीतरी साधल्याचं तेज.

"वहिनीला फोन केला."

"आणि सांगितलंत?"

"वेडी की काय? आधी गुडघ्याचं विचारलं. मग नातवाचं ॲडमिशन. मग म्हटलं, वहिनी, तू ते सापाचं पाठवलंस ते बरं केलंस, कुणाला सुचत नाही. पण अगं, इथली आशा सांगत होती, पाड्यावर एकाला मण्यार चावली, घरचे औषध शोधत बसले, उशीर झाला. एवढी माणसं तुझं ऐकतात, तर तूच टाक ना, आधी 108 ला फोन करा म्हणून. तुझ्या नावाने गेलं की जाईल सगळीकडे."

"पण आशाताईंनी असं कुणाचं सांगितलं नव्हतं."

"आमच्या लहानपणी झालं होतं ते. आशाच्या तोंडी घातलं मी." काकूंनी डोळे मिचकावले. "माझं सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुझं काय नवीन."

मी तिथे थोडी अडखळले. खोट्याला काढायला खोटं? पण काकू बघा, त्यांनी वहिनीचा मान जागच्या जागी ठेवला आणि मेसेज बदलला. जावयांच्या लिंकने जे झालं नाही ते गुडघ्याने झालं. माझ्यासारखी बाई असती तर खरं-खोटं करत बसली असती.

"मग टाकला का त्यांनी?"

"हा बघ."

मी चष्मा लावून वाचला. वहिनींनी सुंदर लिहिला होता. साप चावल्यास घाबरू नका, 108 ला फोन करा, सरकारी दवाखान्यात लस मिळते, कापू नका, चोखू नका, भगताकडे वेळ घालवू नका. खाली स्वतःचं नाव, गाव. त्याखाली हातांची रांगच रांग. सुरतच्या पुतणीने या खेपेला फुलाऐवजी 'धन्यवाद मामी' लिहिलं होतं. आणि जावई! म्यूट काढून जावयांनी अंगठा दिला होता.

"शेवटची ओळ वाचली नाहीस," काकू म्हणाल्या.

शेवटची ओळ होती: 'गाडी येईपर्यंत नाजा 200 चालू ठेवावे.'

"अहो, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणाल्या होत्या आशाताई."

"माहीत आहे मला. पण गाडी बोलवा म्हणतेय ना आधी? तेवढं तर आलं." काकूंनी मोबाइल पदरात गुंडाळला. "उद्या परत करते फोन. आज लगेच केला तर कळेल तिला, मी शिकवतेय म्हणून."